आरसी (रिमोटवर उडणारं) विमान एका बाजूला ओढतंय? ट्रिमचं बटण दाबायच्या आधी हे बघा

विमान हवेत गेलं, स्टिक सोडली आणि ते आपलं निघालं डावीकडे. मग आपण काय करतो, एलेरॉनचं (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) ट्रिम, म्हणजे स्टिक सोडल्यावरची तिची जागा बदलणारं बटण, उजवीकडे टक टक टक, विमान सरळ झालं, बरं वाटलं. आणि मग लँडिंगसाठी थ्रॉटल (मोटरचा जोर) कमी केला तर तेच विमान आता उजवीकडे झुकतंय. परत ट्रिम. परत थ्रॉटल दिला की परत डावीकडे. अख्खी बॅटरी यातच जाते आणि घरी येताना माणूस म्हणतो की रिमोटच बेकार आहे.

रिमोट बिचारा ठीक असतो. ट्रिम फक्त एकच काम करतं, तो सरफेस (हलणारी पट्टी) थोडा वाकवून ठेवतं, आणि त्या वाकलेल्या सरफेसचा जोर स्पीडवर अवलंबून असतो (स्पीड दुप्पट झाला की जोर चौपट). आता विमान वाकडं जायची कारणं वेगवेगळी असतात आणि ती सगळी स्पीडप्रमाणे वाढत नाहीत, घोळ इथेच होतो. पंखाला पीळ असेल तर त्याचाही जोर स्पीडबरोबरच वाढतो, म्हणून तो ट्रिमने बऱ्यापैकी कव्हर होतो. पण एक पंख जड असेल तर ते वजन हळू उडा नाहीतर जोरात उडा, तेवढंच राहणार, म्हणजे एका स्पीडला लावलेलं ट्रिम दुसऱ्या स्पीडला चुकणारच. मोटर वाकडी बसली असेल तर तिची ओढ थ्रॉटलप्रमाणे बदलणार. त्यामुळे विमान कुठे जातंय यापेक्षा ते कधी आणि कशाबरोबर तसं जातंय हे आधी ओळखायचं आणि दुरुस्ती त्याच जागी करायची, बाकी सगळं याच्यावरच आहे.

उदाहरणाला आपल्याकडे कॉलेजची पोरं आणि नवशिके सगळ्यात जास्त बनवतात तेच विमान घेतो. वर पंख असलेला ट्रेनर (शिकायचं विमान), विंगस्पॅन (पंखाची टोकापासून टोकापर्यंत लांबी) १२० सेंमी, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २० सेंमी, खालून सपाट एअरफॉइल (पंखाचा छेद), ए२२१२ ची १००० केव्ही (दर व्होल्टला फेरे) मोटर, १० इंची प्रॉप (प्रोपेलर), ३० अँपचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), ३एस (तीन सेलची) २२०० ची लायपो बॅटरी, चार ९ ग्रॅमचे सर्वो (सरफेस हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि हातात फ्लायस्कायचा आय-६ रिमोट. सगळं मिळून ९००-९५० ग्रॅम. तुमचं विमान वेगळं असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच.

आधी टेबलावर, आणि प्रॉप काढून

प्रॉप काढा. बॅटरी लावून सर्वो बघत असताना कोपर थ्रॉटलला लागलं की १० इंची प्रॉप बोटांची काय अवस्था करतो हे सांगायची गरज नसावी.

पहिलं काम दोऱ्याचं. फ्युजलाजच्या (विमानाचं धड) मागच्या टोकाला, फिनच्या (शेपटीवरचा उभा पंख) बरोबर मध्यावर एक टाचणी खोचा, तिला न ताणणारा दोरा बांधा (शिवणाचा चालतो, रबर किंवा लोकर नको). दोरा डाव्या पंखाच्या टिपपर्यंत न्या, ट्रेलिंग एजच्या (पंखाची मागची कड) कोपऱ्याला टेकवा, तिथे पेनाने खूण करा. तोच दोरा आता उजव्या टिपला. खूण बरोबर कोपऱ्यावर आली तर पंख फ्युजलाजला काटकोनात बसलाय. ३-४ मिमीचा फरक असेल तर पंख फिरलेला आहे, रबरबँडवाल्या पंखात हे सारखं होतं, प्रत्येक वेळी थोडा वेगळा बसतो. तो नीट बसवून पंखावर आणि फ्युजलाजवर एकाला एक लागून अशा दोन रेघा मारून ठेवा म्हणजे ग्राउंडवर दोरा काढत बसायला नको. स्टॅबचंही (शेपटीचा आडवा पंख) असंच, फक्त टाचणी यावेळी नाकाच्या मध्यावर आणि दोरा स्टॅबच्या दोन्ही टिपांना.

मग विमान समोर ठेवून मागून बघायचं, चार-पाच पावलं लांब जाऊन, एक डोळा मिटून. पंख आणि स्टॅब एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. स्टॅब एका बाजूला कलला असेल तर शक्यतो तो चिकटवलेला उखडून परत बसवा, आणि अगदीच नको वाटत असेल तर पंखाच्या सीटवर एका बाजूला पातळ पाचर द्या म्हणजे पंखच स्टॅबशी समांतर होईल. दुसरा उपाय थोडा चालूपणाचा आहे पण चालतो, दोन्ही समांतर असल्याशी मतलब. फिनला गुण्या लावून बघा, स्टॅबशी ९० अंश पाहिजे. फिन तिरका असेल तर रडर (फिनमागची हलणारी पट्टी) दिल्यावर विमान थोडं नाकही वर-खाली करतं आणि त्याचं कारण लोक एलिव्हेटरमध्ये (स्टॅबमागची हलणारी पट्टी) शोधत बसतात.

आता इन्सिडन्स (पंख स्टॅबच्या तुलनेत किती वर बघतो तो कोन) आणि पीळ, हे दोन्ही एकाच मोजमापात निघतात म्हणून मला ही पद्धत आवडते. विमान सपाट टेबलावर ठेवा, शेपटीखाली वह्या-पुस्तकं सरकवून स्टॅब बरोबर लेव्हलला आणा. पाणसळ असेल तर उत्तम, नाहीतर मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप, फक्त फोन थेट स्टॅबवर ठेवू नका, जड होतो, एक हलकी सरळ पट्टी स्टॅबवर धरून तिच्याशी ताडून बघा. मग पंखाच्या चार जागी, डावं मूळ, डावी टिप, उजवं मूळ, उजवी टिप, टेबलापासून लीडिंग एजच्या (पुढची कड) टोकाची उंची आणि ट्रेलिंग एजची उंची स्टीलच्या पट्टीने मोजा आणि दोघांतला फरक लिहून काढा. २० सेंमी कॉर्डला १ अंश म्हणजे साधारण साडेतीन मिमी. अशा ट्रेनरला पंख स्टॅबपेक्षा २ अंशाच्या आसपास वर बघत असतो, म्हणजे फरक ७ मिमीच्या आगेमागे (प्लॅनमध्ये आकडा दिला असेल तर तोच धरा).

पण खरं बघायचं ते डावं-उजवं. डाव्या टिपचा फरक ७ आणि उजव्या टिपचा ४ आला की पीळ सापडला. ज्या बाजूचा आकडा जास्त ती बाजू जास्त लिफ्ट देणार आणि विमान उलट्या बाजूला वळणार. दोन्ही टिपांना सारखाच थोडा कमी आकडा असेल तर हात लावू नका, टिप थोडी खाली बघत असेल तर स्लो स्पीडला पंख एकदम पडत नाही, ते चांगलंच आहे.

पीळ काढायचा कसा ते मटेरियलवर. डेप्रॉन (फोमचा पातळ पत्रा) किंवा मोल्डेड फोम असेल तर हेअर ड्रायर, तोही लांबून आणि हलवत हलवत, पंख हाताला गरम लागेल इतपत तापवा, मग पाहिजे त्यापेक्षा थोडा जास्तच उलटा पिळा आणि पूर्ण गार होईपर्यंत तसाच धरून ठेवा. गार व्हायच्या आधी सोडलात तर पंधरा मिनिटांची मेहनत दोन मिनिटांत पुन्हा जागेवर. बालसावर (हलकं लाकूड) फिल्म असेल तर इस्त्रीने, एकाने पंख उलटा पिळून धरायचा आणि दुसऱ्याने वरची-खालची फिल्म परत ताणून घ्यायची, एकट्याने हे होत नाही. कागद लावलेला फोमबोर्ड मात्र कटकट आहे, पावसाळ्यात कागद दमट होऊन फुगतो आणि बोर्ड वाकतो, आणि सरळ केला तरी आठवड्याने परत वाकतो. त्याला आतून कार्बन रॉड किंवा लाकडी पट्टीचा स्पार (पंखाचा कणा) टाकणं हाच खरा उपाय. आणि विमान मे महिन्यात बंद गाडीत मागच्या काचेखाली ठेवलं असेल तर हे सगळं मोजमाप परत करा, मागचं विसरा.

सर्वो, पुशरॉड, हिंज

रिमोट चालू, सगळी ट्रिम मध्यावर, सबट्रिम (रिमोटच्या मेनूतून सर्वोचा मध्य सरकवणारी सेटिंग) शून्य. आता सर्वो आर्म (सर्वोचा फिरणारा हात) पुशरॉडला (आर्म आणि सरफेस जोडणारी तार) काटकोनात आहे का बघा. नसेल तर स्क्रू काढून आर्म उचला आणि एखादा दात सरकवून बसवा. चार हातांचा आर्म असेल तर चारही हात लावून बघा, प्रत्येक हात थोडा वेगळ्या कोनात बसतो आणि त्यातला एक बऱ्याचदा अगदी बरोबर निघतो. राहिलेला बारीक फरक क्लेव्हिसने (पुशरॉडच्या टोकाचा आट्यांचा चिमटा) काढायचा. सबट्रिमने सरळ करायची सवय नको, सबट्रिम खूप दिलं की एका बाजूला सर्वोचा प्रवास कमी पडतो आणि विमान एका बाजूला पटकन, दुसऱ्या बाजूला सुस्त वळतं.

मग प्ले (ढिलेपणा). एलिव्हेटरची कड दोन बोटांत धरून वर-खाली हलवा, सर्वो न फिरता कड किती हलते? १ मिमीपर्यंत ठीक. २-३ मिमी हलत असेल तर पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही, कारण तुम्ही जे ट्रिम कराल ते विमान पुढच्या चक्करमध्ये विसरणार. प्ले बहुतेक वेळा आर्मच्या भोकात असतो, तार बारीक आणि भोक मोठं, तिथे भोकात सीएचा (सुपरग्लू) बारीक थेंब टाकून वाळल्यावर तारेच्या मापाची ड्रिल फिरवली की काम होतं. स्वस्तातल्या ९ ग्रॅमच्या सर्वोंमध्ये सेंटरिंगचाही प्रॉब्लेम असतो, वरून सेंटरला आला तर एका जागी थांबतो आणि खालून आला तर दुसऱ्या. स्टिक पूर्ण वर करून सोडा, कडेला पेन्सिलची खूण करा, पूर्ण खाली करून सोडा, परत खूण. दोन खुणा लांब असतील तर तो सर्वो एलिव्हेटरला वापरू नका. एलेरॉनला तरी चालवून घेता येतो, एलिव्हेटरला नाही.

एलिव्हेटर दोन तुकड्यांचा असेल आणि मधे तार असेल तर मागून बघून दोन्ही अर्धे एका रेषेत आहेत का ते बघा. ती तार पिळलेली असली की एक अर्धा वर, एक खाली, आणि विमान रोल होतंय (एका पंखावर कलतंय) म्हणून आपण एलेरॉन दुरुस्त करत बसतो.

थ्रो (सरफेसची कड किती हलते ते) या साइजला सुरुवातीला एलिव्हेटर १०-१२ मिमी वर-खाली, रडर २०-२५ मिमी, एलेरॉन वर १२ आणि खाली ७ च्या आसपास. एलेरॉनचं वर जास्त, खाली कमी, हे मुद्दाम आहे. खाली गेलेल्या एलेरॉनला ड्रॅग जास्त लागतो आणि सपाट एअरफॉइलच्या ट्रेनरमध्ये नाक उलट्या बाजूला ओढलं जातं, म्हणजे डावीकडे वळवलं की नाक आधी किंचित उजवीकडे जातं आणि मग विमान वळतं. दोन एलेरॉन सर्वो वाय-केबलवर (दोघांना मिळून एकच चॅनेल) असतील तर रिमोटमधून हे जमणार नाही, मग सर्वो आर्मच पुढे झुकवायचा. आर्म आणि हॉर्न (सरफेसवरचा भोकाचा खुंटा) पंखाच्या खालच्या बाजूला असतील तर आर्म लीडिंग एजच्या दिशेला एक दात झुकवला की वर प्रवास जास्त आणि खाली कमी मिळतो. वर सांगितलेल्या काटकोनाच्या नियमाला हा एक अपवाद.

सीजी आणि डावं-उजवं वजन

सीजी (विमानाचा पुढे-मागे तोल जमतो ती जागा) बद्दल सगळे बोलतात म्हणून लांबण लावत नाही. बॅटरी जागेवर, सगळं उडायला तयार आहे असं विमान पंखाखाली दोन बोटांवर तोला. २० सेंमी कॉर्डला सीजी लीडिंग एजपासून ५ ते ६ सेंमी, पहिल्या फ्लाइटला ५ च्या जवळ ठेवा, नाक किंचित खाली. या विमानात लायपो साधारण १८० ग्रॅमची, म्हणजे ती १ सेंमी सरकवली की सीजी जेमतेम २ मिमी सरकतो. नाकात शिसं कोंबायच्या आधी बॅटरी पुढे सरकेल अशी जागा करा, शिसं भरून जड केलेलं विमान लँडिंगला तुमच्याकडूनच वसूल करतं.

डावं-उजवं वजन मात्र बहुतेक जण बघतच नाहीत. एका हाताने प्रॉपचा शाफ्ट आणि दुसऱ्या हाताने फिनच्या खाली टेलचं टोक पकडून विमान उचला, दोन-चार वेळा. दरवेळी तोच पंख खाली जातो का? जात असेल तर हलक्या पंखाच्या टिपला वजन चिकटवा. किती, तर अंदाज असा की बॅटरी मध्यापासून १ सेंमी बाजूला बसली असेल तर ते भरून काढायला टिपजवळ साधारण ३ ग्रॅम लागतात. एक रुपयाचं नाणं तीन-चार ग्रॅमचं असतं, आधी ते टेपने चिकटवून बघा, बरोबर वाटलं की मग शिशाचा तुकडा आत बसवा. आणि त्याआधी बॅटरीच मध्यावर सरकते का बघायला पैसे लागत नाहीत.

मोटरचा कोन

पुढे ओढणारा प्रॉप मागून बघितल्यावर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. त्याची उलट प्रतिक्रिया विमानाला डावीकडे रोल करते आणि प्रॉपची गोल फिरणारी हवा फिनच्या डाव्या बाजूवर आदळून नाक डावीकडे ढकलते. म्हणून मोटर थोडी उजवीकडे बघणारी बसवतात, २-३ अंश, आणि वर पंख असलेल्या ट्रेनरमध्ये थोडी खालीही, तीही २-३ अंश. घरी बनवलेल्या विमानात प्लायवर क्रॉस माउंट (मोटरची फुलीसारखी बैठक) सरळ ठोकलेला असतो, कोन शून्य, आणि मग फुल थ्रॉटलला नाक वर आणि डावीकडे. हा डिझाइनचा दोष नाही, मोटर सरळ बसवल्याचा आहे.

कोन द्यायला वॉशर. एम३ चा साधा वॉशर अर्धा मिमी जाड असतो, आणि माउंटच्या दोन स्क्रूंमध्ये ३० मिमी अंतर असेल तर एक वॉशर म्हणजे साधारण १ अंश. राइट थ्रस्टसाठी वॉशर डाव्या स्क्रूंखाली (विमानात बसून पुढे बघितल्यावर डावं), डाऊन थ्रस्टसाठी वरच्या स्क्रूंखाली. सुरुवात दोन-दोन वॉशरने करा. स्क्रूला लॉक्टाइट किंवा नायलॉन नट नक्की, नाहीतर मोटर आपला कोन स्वतः ठरवते.

ग्राउंडवर

वारा असताना ट्रिम करू नका, पूर्ण वेळ वाया. आपल्याकडे थंडीत सकाळी उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत हवा अगदी शांत असते, त्यानंतर जमीन तापून थर्मल (वर चढणारी गरम हवा) सुरू होतात आणि विमान स्वतःहून वर-खाली व्हायला लागतं, मग ते ट्रिममुळे की हवेमुळे काही कळत नाही. जागा निवडताना डिजिटल स्काय नकाशावर (ड्रोनसाठीचा सरकारी नकाशा) ग्रीन झोन (वेगळी परवानगी न लागणारी जागा) आहे ना ते बघून घ्या, २०२१ च्या ड्रोन नियमांत हौसेची मॉडेल विमानंही येतात आणि ती नजरेच्या टप्प्यातच उडवायची असतात. बरोबर एक माणूस घ्या, वही घेऊन, तुम्ही ओरडून सांगायचं आणि त्याने लिहायचं, कारण खाली उतरल्यावर नेमकं काय झालं होतं ते कुणालाच नीट आठवत नाही.

रिमोटमध्ये किंवा रिसीव्हरमध्ये जायरो, स्टॅबिलायझर (विमान आपोआप स्थिर ठेवणारं सर्किट) असेल तर तो बंद. जायरो चालू ठेवून केलेलं ट्रिम म्हणजे निव्वळ फसवणूक, जायरो सगळे दोष आतल्या आत दाबतो आणि ज्या दिवशी तो बंद पडतो त्या दिवशी विमान एकदम अनोळखी होतं.

जमिनीवर धावताना विमान बाजूला जात असेल तर ते रडर ट्रिमने सुधारू नका. नोजव्हीलचं (पुढचं चाक) लिंकेज (जोडणीची तार) वेगळं करून चाक सरळ करा, रडर मध्यावर राहू दे. ट्रिमने चाक सरळ केलं तर चाक उचलल्यावर तेच रडर हवेत वाकडं असणार.

टेकऑफ, ३०-४० मीटर उंची, थ्रॉटल अर्धा ते साठ टक्के, आणि आता तो हलवायचा नाही. विमान सरळ रेषेत वाऱ्याच्या तोंडाला, स्टिक सोडून तीन-चार सेकंद बघायचं. आधी एलेरॉन, मग एलिव्हेटर, शेवटी रडर. एका वेळी एकच. रोल आणि याव (नाक बाजूला सरकणं) ओळखायला विमान सरळ आपल्यापासून लांब जाऊ द्या आणि एलेरॉनने पंख लेव्हलला धरून ठेवा, तरी नाक बाजूला सरकतंय तर रडर, आणि स्टिक सोडल्याबरोबर आधी पंख पडतोय आणि मग नाक जातंय तर एलेरॉन. अर्ध्या थ्रॉटलला विमान सरळ आणि लेव्हल जायला लागलं की इथे बहुतेक जण खूश होऊन लूप मारायला लागतात. थांबा, खरी तपासणी आता सुरू होते.

थ्रॉटलची टेस्ट. लेव्हल चाललेलं असताना एकदम फुल थ्रॉटल आणि फक्त पहिला एक सेकंद बघा. नाक लगेच उचललं तर डाऊन थ्रस्ट कमी आहे, वरच्या स्क्रूंखाली अजून एक वॉशर. लगेच डावीकडे गेलं तर राइट थ्रस्ट कमी. पण नाक लगेच नाही, दोन-तीन सेकंदांनी स्पीड वाढल्यावर हळूहळू वर यायला लागलं तर मोटरचा संबंध नाही, ते स्पीडमुळे आहे. सपाट एअरफॉइलचा ट्रेनर स्पीडला थोडा वर चढणारच, तो त्याचा स्वभाव आहे, पण खूपच चढत असेल तर नाक जड आणि त्याला वर धरायला एलिव्हेटर ट्रिम वर दिलेलं, किंवा इन्सिडन्स जास्त, हे दोन संशयित. याची उलटी बाजू म्हणजे थ्रॉटल एकदम बंद. नाक थोडं खाली जाऊन विमान ग्लाइडला लागलं पाहिजे. बंद केल्याबरोबर नाक वर आलं तर डाऊन थ्रस्ट जास्त दिलात, एक वॉशर काढा.

डाइव्हची टेस्ट. उंचीवर जा, थ्रॉटल बंद, नाक ३०-४० अंश खाली घाला आणि एलिव्हेटर सोडा. विमान हळूहळू नाक उचलून बाहेर आलं तर ट्रेनरसाठी सीजी झकास. एकदम झटक्यात वर आलं तर नाक जड, बॅटरी थोडी मागे, आणि मग एलिव्हेटरचं ट्रिमही परत कमी करावं लागणार, सीजी हलवला की एलिव्हेटर ट्रिम बदलतंच. नाक स्वतःहून अजूनच खाली जायला लागलं तर शेपटी जड, लगेच बाहेर काढा, उतरा आणि बॅटरी पुढे. याच्यावर परत चक्कर मारून खात्री करायच्या भानगडीत पडू नका.

हळू आणि जोरात. आता अर्ध्या थ्रॉटलला पंख सरळ धरलेले आहेत. उंचीवरच थ्रॉटल कमी करून विमान बरंच हळू करा, लँडिंगपेक्षा किंचित जास्त स्पीड. एक पंख पडायला लागतो का? मग स्पीड वाढवा, आता उलट बाजूला रोल होतंय का? दोन्ही होत असेल तर एक पंख जड आहे आणि ट्रिम त्याचं वजन उचलतंय, हळू असताना ट्रिमचा जोर कमी पडतो आणि जोरात असताना जास्त होतो. याची पक्की खात्री करायची तर थोडा स्पीड घेऊन दोन्ही पंख लेव्हल ठेवून एलिव्हेटर जोरात ओढा. वरचं वळण घट्ट झालं की विमानाचं वजन जणू दोन-तीन पट होतं आणि जड पंख लगेच खाली पडतो. दरवेळी तोच पंख पडतोय का हे बघायचं, एकदा पडला म्हणून धरू नका. मग उतरून उलट्या टिपला नाणं, ट्रिम तेवढं मागे घ्या, परत हीच टेस्ट.

उलटं उडवता येत असेल तर अजून सोपं. जड पंख उलटं झाल्यावरही जमिनीकडेच जाणार आणि त्यासाठी दिलेलं ट्रिम आता त्याला मदत करणार, म्हणजे दोष दुप्पट दिसतो. पीळ असेल तर उलटं केल्यावर फारसा फरक पडत नाही. एफ३ए (कसरतींची स्पर्धा) वाले पायलट याच्याही पुढे जाऊन व्हर्टिकल लाइनमध्ये (सरळ उभं उडताना) आणि नाइफ-एजमध्ये (पंख उभे धरून उडताना) तपासतात, पण सपाट एअरफॉइलच्या ट्रेनरला ते करून हाताला काही लागत नाही.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा, एका फ्लाइटनंतर एकच बदल. वॉशरही टाकला, बॅटरीही सरकवली आणि नाणंही चिकटवलं, आणि विमान सुधारलं, तर कशाने सुधारलं? आणि बिघडलं तर मग काय काय काढणार?

ट्रिम रिमोटमधून काढून लिंकेजमध्ये टाकणं

सगळं जमलं, विमान खाली आलं, रिमोट चालूच ठेवा. बॅटरी काढा, मग प्रॉप काढा आणि बॅटरी परत लावा. आता प्रत्येक सरफेस आत्ता जिथे आहे तिथे स्टॅबच्या किंवा पंखाच्या स्थिर भागाशी त्याची कड किती वर-खाली आहे ते पट्टीने मोजून लिहा, समजा एलिव्हेटर २ मिमी वर. मग एलिव्हेटरचं ट्रिम मध्यावर आणा, कड खाली जाईल. आता क्लेव्हिस हॉर्नमधून काढून फिरवा, परत लावा, मोजा, २ मिमी वर येईपर्यंत. एम२ च्या दांड्यावर क्लेव्हिसचा एक पूर्ण फेरा म्हणजे ०.४ मिमी, त्यामुळे कड किती हलली याचा अंदाज चटकन येतो. हॉर्नचं भोक हिंजपासून जवळ असेल तर एका फेऱ्याला कड जास्त हलते, लांब असेल तर कमी. क्लेव्हिस दांड्यावर पुरेसा आटलेला आहे ना आणि त्यावर सिलिकॉनची छोटी नळी सरकवलेली आहे ना हे बघून घ्या.

क्लेव्हिस नाही, दोन्हीकडे झेड-बेंड (तारेचं टोक इंग्रजी झेडसारखं वाकवलेलं) आहे असं असेल तर तारेत मध्यावर इंग्रजी व्ही सारखा वाक पाडून घ्या, पक्कडने तो वाक आवळला की तार आखूड, पसरला की लांब. किंवा एका टोकाला स्क्रूवाला लिंकेज स्टॉपर लावा, दहा-वीस रुपयांत मिळतो, त्याचा स्क्रू मात्र प्रत्येक सकाळी चेक करायचा.

हे सगळं केल्यावर एलिव्हेटर किंवा एलेरॉन मध्यापासून तीन मिमीपेक्षा जास्त हललेलं ठेवावं लागत असेल तर परत टेबलावर, कुठेतरी पीळ, कोन किंवा वजन अजून शिल्लक आहे. मग जायरो असेल तर आता तो चालू करा, जमिनीवर विमान हातात धरून नाक, पंख, शेपटी हलवून सरफेस बरोबर दिशेला हलतात ना बघा, उलटा लागलेला जायरो टेकऑफलाच विमान आपटतो.

नंतर प्रॉप किंवा मोटर बदलली तर फक्त थ्रॉटलची टेस्ट परत करा. बॅटरी वेगळ्या वजनाची घेतली तर बोटांवर सीजी आणि एक डाइव्ह. पंख काढून घातला तर त्या दोन रेघा जुळल्या का ते बघा. आणि जोरात आपटलं असेल तर वरून काही तुटलेलं दिसत नसलं तरी मोटरच्या माउंटपासून सुरुवात करा, प्लायला बारीक चीर गेलेली असते आणि थ्रॉटल दिल्यावरच ती उघडते.